लहान मुलांना प्रवाळातले मासे दाखवताना सुरुवात तोंडापासून करा

लालबागहून एका आईने विचारलं आहे. मुलगा साडेचार वर्षांचा. कार्टूनमधला नारंगी-पांढरा मासा पाहिल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे, लक्षद्वीप-अंदमान सध्या खिशाला झेपणारं नाही, आणि माशांची पुस्तकं आणली तर दोन दिवस नावं पाठ होतात, पुढच्या आठवड्यात विसरतात. त्यांचे प्रश्न तीन. त्याला यातलं खरंखुरं काही कळावं म्हणून काय करू? घरी खाऱ्या पाण्याची टाकी घेऊ का? आणि घरात मासळी शिजते, तेव्हा "आपण त्यालाच खातो का" असं तो विचारतो, त्याला काय सांगू?

बालवाडीच्या वयाची मुलं घेऊन मी बरीच वर्षं मुंबईच्या किनाऱ्यावर जाते आणि वर्गातही त्यांना समुद्र शिकवते. त्या अनुभवावर सांगते. उत्तर लांबणार आहे, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पहिलं काम म्हणजे भिंतीवरचा तो चाळीस माशांचा तक्ता काही दिवस गुंडाळून ठेवा. मूल बोट ठेवून नावं म्हणतं, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवतं, आपल्याला बरं वाटतं. पण "हा दिवसभर काय करतो?" असं विचारा, मूल गप्प होतं. साडेचार वर्षांच्या मुलाला करण्यात रस असतो. कोण काय खातं, कोण कुठे लपतं, कोण कोणाला घाबरतं, झोपतं कसं, हे त्याचे प्रश्न. म्हणून एका वेळी एकच मासा घ्या आणि तो दोन-दोन आठवडे पुरवा. त्यातही सुरुवात तोंडापासून करा. प्रवाळावर जागा थोडी आणि खाणारे फार, त्यामुळे प्रत्येकाने आपापलं खाणं वाटून घेतलं आहे आणि ज्याचं जसं खाणं तसं त्याचं तोंड. रंग का आहे हे मोठ्या संशोधकांनाही पटकन सांगता येत नाही. तोंड कशासाठी आहे हे मात्र तीन वर्षांचं मूलही बघून सांगतं.

आणि तोंडं बघायला मुंबईइतकी सोयीची जागा दुसरी नाही. तुम्ही लालबागला राहता, बाजार हाकेच्या अंतरावर आहे. माशांच्या वारी सकाळी जाऊ नका, तेव्हा मावश्यांना मान वर करायला सवड नसते. दुपारी गर्दी ओसरल्यावर जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ते दोन महिने सोडा. हेकरू आणि तांब आहेत का ते विचारा. हे दोन मासे मुद्दाम सांगते आहे. हेकरूची भावंडं आणि तांबीची भावंडं जगभरच्या प्रवाळांवर राहतात. म्हणजे प्रवाळातली दोन मोठी घराणी तुमच्या मुलाने टोपलीत आधीच पाहिलेली आहेत, फक्त कोणी ओळख करून दिलेली नाही.

मावशींना सांगा, "मावशी, जरा ह्याचं तोंड उघडून दाखवता का पोराला?" आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही. एकदा एका मावशींनी हेकरूच्या खालच्या जबड्यात अंगठा घालून तो खाली ओढला, तेव्हा माझ्याबरोबरची मुलगी अक्षरशः वाकून आत बघत राहिली. बंद असताना बेताचं दिसणारं तोंड उघडल्यावर तिच्या मुठीएवढं झालं होतं. आत ओठांच्या कडेला बारीक दात, ते आत वळलेले. घशाच्या दोन्ही बाजूंनी लालभडक कल्ले. "दात एवढेसेच, मग चावतो कसा?" असं तिने विचारलं. हाच प्रश्न हवा असतो. हेकरू चावून खात नाही. तो खडकाच्या कपारीत निवांत उभा राहतो आणि मासा जवळ आला की तोंड एकदम उघडतो. तोंडाची पोकळी इतक्या झटक्यात मोठी होते की पाणी आत ओढलं जातं, पाण्याबरोबर मासाही. आत वळलेले दात फक्त परत निघू देत नाहीत.

घरी आल्यावर हे करून बघा. परातीत पाणी घ्या, त्यात भिजवलेला सब्जा टाका. मुलांच्या औषधाबरोबर येते ती सुई नसलेली छोटी सिरिंज मुलाच्या हातात द्या. दट्ट्या ओढला की सब्जा आत. हा झाला हेकरू. मग एका जुन्या कंगव्याच्या दातांमध्ये भिजवलेले साबुदाणे अडकवा आणि म्हणा, आता हे काढ. सिरिंजने निघत नाहीत. भुवयांचा चिमटा दिला की एकेक निघतो. हा झाला फुलपाखरू मासा. त्याचं तोंड लांब, निमुळतं असतं आणि प्रवाळाच्या फटींतून तो बारीक जीव वेचून खातो. तिसरा खेळ म्हणजे एका खडबडीत दगडाला आदल्या रात्री कणकेची पातळ पेज फासून वाळवून ठेवा. आता सिरिंज आणि चिमटा दोन्ही निकामी. स्टीलचा चमचा घेऊन खरवडावं लागतं. हा पोपट मासा. या खेळात माझ्या वर्गातली मुलं तासभर रमतात, आणि महिन्याभराने कुठल्याही अनोळखी माशाचं चित्र दाखवलं की आधी तोंडावर बोट ठेवतात: "हा चिमटेवाला." त्या माशाचं नाव त्यांना माहीत नसतं, पण तो कसा जगतो हे त्यांनी ओळखलेलं असतं.

कोणता मासा आधी घ्यावा? तुमच्या मुलाला नारंगी मासा आवडतो हे ठाऊक असूनही मी पोपट मासा आधी घेईन. मुलांना ज्यात ज्यात रस असतो ते सगळं या एका माशात आहे. त्याचे दात एकमेकांत जुळून चोच झालेली असते. तो त्या चोचीने मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो आणि त्याबरोबर प्रवाळाचा दगडही खातो. पाण्याखाली तो आवाज ऐकू येतो, करकर, करकर. घशात आणखी एक दातांची जोडी असते, ती तो दगड दळते. पोटातून गेल्यावर तोच दगड वाळू होऊन बाहेर पडतो. होय, शी होऊन. हे वाक्य ऐकल्यावर चार वर्षांचं मूल ज्या आनंदाने हसतं तो आनंद दाबू नका, त्यात खरी माहिती आहे. लक्षद्वीपसारख्या प्रवाळबेटांवरच्या पांढऱ्या वाळूत या माशांचा मोठा वाटा असतो. मात्र जुहूला नेऊन "ही बघ पोपट माशाची वाळू" असं सांगू नका. आपल्या किनाऱ्याची वाळू वेगळी आहे, तिच्यात खडकांचा चुरा आणि शिंपल्यांचे तुकडे असतात. मुलांना सोयीचं पण खोटं असं काही सांगायचं नाही, हा माझा नियम आहे.

त्याची झोपही सांगा. पोपट माशाच्या काही जाती रात्री झोपण्याआधी तोंडातून चिकट द्रव सोडून स्वतःभोवती पारदर्शक पिशवी विणतात आणि तिच्यात झोपतात. रात्री रक्त शोषायला येणारे बारीक किडे तिच्यामुळे दूर राहतात. मच्छरदाणीच म्हणा. मुलाला झोपवताना हे सांगून बघा.

दुसरा मासा सफाई करणारा. बोटाएवढा, निळा, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. हा प्रवाळावर एक ठरलेली जागा धरून असतो आणि मोठे मासे आपणहून तिथे येतात, रांगेत थांबतात, तोंड उघडून स्थिर उभे राहतात. हा त्यांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले, तोंडातले किडे खातो. हेकरूसारखा मासा, जो एरवी एवढ्याशा माशाला एका घोटात गिळेल, तो त्याला तोंडात शिरू देतो आणि सुखरूप बाहेर येऊ देतो. वर्गात आम्ही हे खेळतो. एक मूल हेकरू, जमिनीवर मांडी घालून, आ वासून, अजिबात न हलता. दुसऱ्याच्या हातात मऊ ब्रश. ते हेकरूच्या गालांवरून, कानामागून, हातांवरून ब्रश फिरवतं. जे मूल एरवी क्षणभर एका जागी बसत नाही, ते हेकरू झाल्यावर किती वेळ निश्चल बसतं हे बघण्यासारखं असतं. सहा वर्षांच्या पुढच्यांना मग यातला लबाड सांगते. हुबेहूब तसाच दिसणारा, तसाच पोहणारा दुसरा एक मासा असतो. तो सफाई करण्याच्या मिषाने जवळ येतो आणि कातडीचा लचका तोडून पळतो. हे कळल्यावर खेळ फारच रंगतो.

पालकांसाठी एक गोष्ट सांगते. जपानमध्ये ओसाकाच्या संशोधकांनी या सफाई माशाच्या गळ्याखाली एक खूण केली आणि त्याला आरसा दाखवला. आरशात खूण बघून मासा वाळूवर गळा घासायला लागला. आरशाशिवाय खूण केली तर घासत नव्हता. हे २०१९ साली प्रसिद्ध झालं आणि त्यावर पुष्कळ वाद झाला, कारण तोवर चिंपांझी, हत्ती, डॉल्फिन, मॅगपाय पक्षी अशा मोजक्या प्राण्यांबद्दलच असं बोललं जायचं. "माशाला काय कळतंय" हे वाक्य मुलांसमोर उच्चारण्याआधी ही गोष्ट आठवावी.

आता तुमचा नारंगी मासा, म्हणजे विदूषक मासा. त्याचं घर म्हणजे समुद्रफूल, आणि समुद्रफूल हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. त्याच्या प्रत्येक बोटाला डंख असतो. विदूषक माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला तो डंख बसत नाही. म्हणून ज्याच्या जवळ दुसरं कोणी फिरकत नाही त्याच्या कुशीत हा राहतो. उलट समुद्रफुलाला कुरतडायला येणाऱ्या माशांना हा हाकलतो. अंडी समुद्रफुलाच्या पायाशी, खडकावर घातली जातात. बाप त्यांची राखण करतो, परांनी त्यांच्यावर सतत पाणी घालतो, खराब झालेलं अंडं काढून टाकतो. आठवड्याभराने रात्रीच्या अंधारात पिल्लं बाहेर पडतात आणि काही दिवस मोकळ्या समुद्रात वाहत राहून मग आपापलं समुद्रफूल शोधतात.

एक गोष्ट कार्टूनमध्ये नसते आणि पालक ती सांगायला बिचकतात. एका समुद्रफुलातल्या टोळीत सगळ्यात मोठी असते ती मादी, तिच्या खालोखाल नर, बाकी सगळी लहान. मादी मेली की नर हळूहळू मादी होतो आणि लहानांतला सगळ्यात मोठा नर होतो. मुलाला हे जसंच्या तसं सांगा: "आई गेली की बाबा आई होतो." मुलं यावर गोंधळत नाहीत, कारण त्यांच्या जगात सुरवंटाचं फुलपाखरू होतं तेही खरंच असतं. पुढचा प्रश्न बहुतेक "मग बाबा कोण?" हाच येतो आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे. हेकरूच्या बऱ्याच जातींत याच्या उलट घडतं, आधी मादी आणि मोठेपणी नर. बाजारात तोच हेकरू परत भेटेल तेव्हा आठवण करून द्या.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. फुलपाखरू माशाच्या खऱ्या डोळ्यावरून बऱ्याचदा काळा पट्टा जातो आणि शेपटीजवळ मोठा काळा ठिपका असतो, त्यामुळे मागची बाजू पुढची वाटते. कागदावर असा मासा काढा आणि विचारा, हा कुठल्या बाजूला पळेल? केंड मासा पाणी पिऊन फुगतो. कोकणातल्या मच्छीमारांची जाळी कातरणारा तो हाच, तेव्हा त्याचे दातही दाखवा. समुद्रघोड्याला दात नाहीत, पोट नाही, आणि पिल्लं बापाच्या पिशवीत वाढतात. मोरे नावाची मोठी वाम सतत तोंड उघडून बसते म्हणून मुलं घाबरतात. ती श्वास घेत असते, एवढं सांगितलं की पुरे.

पुस्तक निवडताना एक बघा. बाहेरची बरीच चित्रं जगभरचे मासे एकाच पानावर कोंबतात. विदूषक मासा हिंदी आणि प्रशांत महासागरांचा, म्हणजे आपल्या बाजूचा आहे. अटलांटिकमध्ये तो नैसर्गिकरीत्या नाहीच. ज्या पुस्तकात एका माशाला दोन पानं दिली आहेत आणि त्याचं घरही काढलं आहे, ते घ्या. व्हिडिओ दाखवायचा तर आवाज बंद करून, एकाच माशाचा, पाच-दहा मिनिटं, आणि तुम्ही शेजारी बसून. "आता तोंड बघ, आता कल्ले बघ" असं म्हणत. निवेदन आणि संगीत चालू असलं की मूल ऐकत बसतं, बघत नाही.

रंगांचा एक प्रयोग मात्र जरूर करा, पाच वर्षांच्या पुढे तो छान कळतो. तांब लाल का, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. पाण्यात खाली जावं तसा लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषला जातो, निळा खोलवर पोचतो. त्यामुळे वर झगझगीत लाल दिसणारा मासा खोल पाण्यात काळपट दिसतो, लपतो. रात्री खोली पूर्ण अंधारी करा. टॉर्चच्या तोंडावर निळा जिलेटीन कागद तीन-चार पदरी करून रबराने बांधा. जमिनीवर लाल, पिवळा, निळा, पांढरा असे कागदी मासे मांडा आणि टॉर्च लावा. लाल मासा काळा पडतो. कागद काढला की परत लाल. तुमचं मूल कागद लावत-काढत राहील. राहू द्या.

इतकं झाल्यावर प्रवाळाकडे या, त्याआधी नको. प्रवाळ दगड नाही, झाड नाही, तो बारीक जीवांची वसाहत आहे, हे वाक्य चार वर्षांच्या मुलासाठी फार अवघड आहे. ते डोळ्यांनी बघायला लागतं आणि त्याची सोय मुंबईत आहे. आपल्याकडे प्रवाळाचे मोठे खडक नाहीत, पण तुरळक प्रवाळ मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर जिवंत आहे. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचं प्रवाळ २०२० साली उचलून दुसरीकडे नेऊन लावलं होतं, ते अनेकांनी वाचलं असेल. प्रवाळ तुम्हाला दिसेल न दिसेल, त्याचे नातेवाईक नक्की दिसतील. वांद्र्याला बँडस्टँडच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांत ओहोटीला साचलेल्या डबक्यापाशी उकिडवे बसा. थोड्या वेळाने खडकाला चिकटलेलं, रुपयाएवढं, बोटं पसरलेलं समुद्रफूल दिसेल. त्याच्यावर हाताची सावली पाडू नका, हात लावू नका, फक्त थांबा. पाण्याबरोबर एखादा कण येऊन त्याच्या बोटांना लागला की ती बोटं आत वळतात, सावकाश, आणि कण तोंडाकडे नेतात. मुलाने हे एकदा पाहिलं की मग सांगा: असे पुष्कळ, पण मुंगीएवढे, एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःखाली दगडाचं घर बांधत जातात, ते प्रवाळ. आता ते त्याला कळेल.

त्याच डबक्यांत खरबी दिसेल, खडकाच्या रंगाची, हलली तरच दिसणारी. चिखलाच्या बाजूला निवटी उड्या मारत असेल. या रंगीत नाहीत म्हणून त्यांना कमी लेखू नका. खरबीची भावंडं प्रवाळावर फार मोठ्या संख्येने राहतात.

किनाऱ्यावर जायचं तर भरती-ओहोटीचं गणित आधी समजून घ्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला येते आणि मोठी ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. तेव्हाच पाणी खूप मागे जातं आणि खालचे खडक उघडे पडतात. भरती-ओहोटीतला फरक त्या दिवसांत चार मीटरहून जास्त असतो, म्हणजे पाणी परत येतं तेव्हा झपाट्याने येतं. ओहोटीची नेमकी वेळ तक्त्यात बघा, तिच्या तास-सव्वा तास आधी पोचा आणि पाणी वळलं की निघा. मुलांबरोबर असताना मी यात कधीच सवलत घेत नाही. पावसाळ्यात जायचंच नाही. तेव्हा जुहूसारख्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यासारखे दिसणारे डंखवाले ब्लू बॉटलही वाहून येतात. नोव्हेंबर ते मार्च चांगला काळ. पायात मागून बंद असलेले, न घसरणारे बूट हवेत. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख जिवंत असेल तर आतला प्राणी विषारी डंख मारू शकतो, म्हणून शंख उचलायचा नाही हा नियम घरातूनच सांगून न्या. दोन लहान मुलांमागे एक मोठं माणूस असावं. पहिल्यांदा एकट्याने जाण्यापेक्षा जाणत्या माणसांबरोबर जा. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट २०१७ पासून अशा किनारफेऱ्या नेतो. ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे खाडी आणि कांदळवन बघता येतं. तिथून माशांची पिल्लं कुठे वाढतात हा विषय सुरू होऊ शकतो.

खऱ्या प्रवाळापर्यंत नेण्याची घाई करू नका. सहा-सात वर्षांचा झाला की सगळ्यात आवाक्यातली जागा गुजरातेत जामनगरजवळचं नरारा. मुंबई सेंट्रलहून गाडीने जामनगर गाठता येतं. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग. वनखात्याची परवानगी काढून, वाटाड्या घेऊन, ओहोटीला चक्क चालत प्रवाळ बघता येतं. पोहायची गरज नाही. फक्त वाटाड्या सांगेल तिथेच पाऊल ठेवायचं, कारण प्रवाळावर पाय पडला की ते मरतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आणि मासे आहेत, पण त्यासाठी तोंडात नळी धरून पाण्यात उतरावं लागतं. ज्या मुलाला पोहता येत नाही, पाण्यात तोंड घालायची सवय नाही, त्याला जॅकेट चढवून उतरवू नका. घाबरलेल्या मुलाला मासे दिसत नाहीत आणि ती भीती पुढे बरीच वर्षं पुरते. अंदमान-लक्षद्वीपला काचेच्या तळाची होडी मिळते, ती लहानांना उत्तम.

आता "आपण त्यालाच खातो का?" विदूषक मासा आपण खात नाही, तो बोटाएवढा असतो. पण हेकरू खातो, तांब खातो, आणि मुशीही खातो, म्हणजे शार्कच. हे सरळ सांगा. "तो मोठा मासा छोट्याला खातो, आपण त्या मोठ्याला खातो" हे ऐकून मूल बहुतेक वेळा मान डोलावतं आणि जेवतं. एखादं मूल जेवत नाही. मग काही दिवस आग्रह करू नका, त्याची टिंगल तर अजिबात नको. घरातल्या मोठ्यांनाही तसं बजावून ठेवा. शार्कला, वामीला दुष्ट ठरवणाऱ्या गोष्टी मात्र टाळा. त्यांनाही भूक लागते, एवढंच.

प्रवाळ मरत चाललं आहे हे कधी सांगावं, असंही पालक विचारतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या आत राहणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपने हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली भोगलं आहे. मला स्वतःला याचं फार वाईट वाटतं. तरीही बालवाडीत मी ते सांगत नाही. साडेचार वर्षांचं मूल त्यावर काहीच करू शकत नाही आणि ज्याची अजून पुरती ओळख झालेली नाही त्याच्या मरणाची बातमी ते फक्त भीती म्हणून साठवतं. आठ-नऊ वर्षांचं झालं की सांगा, तेव्हा आकडे आणि कारणंही सांगा. त्या आधी त्याला जमेल ते एवढंच: डबक्यातला दगड उलटला तर तो तसाच परत ठेवायचा, शंख-शिंपले घरी आणायचे नाहीत, आणि शोभेचं प्रवाळ किंवा वाळवलेला समुद्रघोडा कोणी विकत असेल तर घ्यायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघांचंही नाव आहे, त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

शेवटी टाकी. खाऱ्या पाण्याची घेऊ नका. तिच्यातलं क्षाराचं प्रमाण, तापमान, गाळणी रोज सांभाळावी लागते, वीज गेली की जीव धोक्यात येतो. शिवाय बाजारात येणारे प्रवाळावरचे बहुतेक मासे थेट समुद्रातून पकडलेले असतात. विदूषक माशाची पैदास करता येते, भारतातही करतात, पण दुकानात समोर असलेला मासा कुठून आला हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. मुलाला रोज बघायला जिवंत मासा हवाच असेल तर गोड्या पाण्याची मध्यम टाकी घ्या, काचेचं गोल भांडं नको. चार-पाच गप्पी ठेवा. गप्पी पृष्ठभागावरचं टिपतो, त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. सोबतीला तळातलं खाणारी छोटी कोरीडोरास, तिचं तोंड खाली. दोघांची तोंडं दोन दिशांना का, हे तुमच्या मुलाला आता न सांगता कळेल. खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर, आणि ते मुलानेच घालायचं, पण डबा तुमच्या हातात. आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना मारतं, म्हणून ते बादलीत चोवीस तास उघडं ठेवून किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन काढायचं औषध घालून मगच टाकीत ओता.